दोन मामांची गळाभेट

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा! घ्या, चहा घ्या आधी.

कोरोनाच्या काळात अख्ख्या बजाजनगरात माझ्याइतका भित्रा माणूस नव्हता. कोथिंबिरीच्या जुड्यासुद्धा मी साबणानं धुवायचो. बायकोशी बोलायचो तेही दाराआडून. ते दिवस फार सुखाचे गेले, असं ती अजून सगळ्यांना सांगते!

त्यात भाचीचं, आमच्या सोनीचं लग्न निघालं. आमच्याच गच्चीवर, मोजक्या माणसांत. नवरदेव वैजापूरचा, मामांनी वाढवलेला, त्यामुळं तिकडं सगळा शब्द मामांचा. बोलणी फोनवरच झालेली, त्यांना कुणी पाहिलेलं नाही. नुसतं ऐकून होतो, की माणूस एकदम बिनधास्त, मास्कचं नाव काढलं की भडकतो.

सकाळीच अक्कानं, म्हणजे सोनीच्या आईनं, मला बाजूला घेतलं. "हे बघ, दोन्ही मामांची गळाभेट झालीच पायजे. तू लांबून हात जोडशील, ते रुसतील, अन् माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

गळाभेट! आणि ती मी करायची! पण भाचीसाठी एवढंही करायचं नाही, तर मामा कशाला म्हणवून घ्यायचं? ठरवलं, भेटायचं. आणि त्यांचा मान म्हणून आपणही मास्क काढायचा!

वऱ्हाडाच्या गाड्या खाली लागल्या. जिन्यातून पहिला वर आला तो एक धिप्पाड गडी. तोंडाला मास्क नाही, तोंडात पानाचा तोबरा. झालं, हेच मामा! मी मास्क खिशात कोंबला, श्वास रोखला, डोळे मिटले आणि त्याला कडकडून मिठी मारली.

तो नुसता "ऊं... ऊं..." करत होता. मला वाटलं, मामांना भरून आलं. मी आणखी आवळला! मग त्याला फेटा बांधला, शेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला.

गड्यानं कठड्यावरून खाली पिचकारी मारली आणि विचारलं, "काका, पाण्याचे जार कुठं ठिवू? खाली धा हायेत."

जार?

तेवढ्यात जिन्यात कुणीतरी खाकरलं. बघतो तर एकावर एक दोन मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातमोजे!

"म्या नवरदेवाचा मामा. तुम्ही लई कडक हाव म्हणं, नुसतं नाक दिसलं तरी दारातनं परत धाडता. तुमचा मान म्हणून या उकाड्यात ह्ये सगळं चढवून आलो. अन् तुम्हीच उघड्या तोंडानं?"

मी ओशाळून हात पसरले. ते दोन पायऱ्या खाली सरकले.

"आता नाय! आता चौदा दिवसांनी."

रुसले? छे हो! असे हसले की पडद्यावर वाफ धरली. माझा जीव भांड्यात पडला. सोनीचं सासर तेव्हापासून माझ्यावर हसतंय, आणि पोरगी सुखात आहे.

मी मात्र चौदा दिवस गच्चीवरच्या खोलीत! पाणी त्याच गड्याकडून लावलं. यायचा तो डोक्याला माझाच फेटा बांधून, आणि तोंडाला नवाकोरा मास्क. जार पायरीवर ठेवायचा आणि लांबूनच ओरडायचा,

"काका, मास्क वर घ्या! तुमचा काय भरोसा नाय, कुणालाबी मिठ्या मारता!"