गुणाजी भोईर काम शोधतात

माजिवड्याच्या गुणाजी भोईरांना सदुसष्टाव्या वर्षी काम हवं होतं. पैशासाठी नव्हे. त्यांच्या भातखाचरांवर आता टॉवर उभे होते आणि बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांच्या भाड्यावर घर मजेत चाललं होतं. चालत नव्हते ते गुणाजी. तरुणपणी मिठागरात राबलेला हा माणूस, आणि सून कल्पिता त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. "बाबा, तुम्ही बसा हो!" बसून बसून गुडघे आखडले, झोप उडाली आणि बायको हौसाबाईंशी भांडण्याचे विषयही संपले.

शेवटी त्यांनी टॉवरच्या बागेत माळीकाम मागायचं ठरवलं. आता काम मागायला माणूस एकटा जातो. पण भोईरांच्यात कुठल्याही ऑफिसात एकट्याने जायची रीतच नाही. भावकीतली चार माणसं बरोबर हवीत, आणि ती कशाला जायचंय हे विचारतही नाहीत. मोठे निघाले की गाडी काढायची. तेव्हा पांढरे कपडे, गळ्यात गोफ, बोटांत अंगठ्या आणि पुढे पुतण्या विश्राम, असे सगळे सोसायटीच्या ऑफिसात शिरले.

मॅनेजर ऋतुराज ताडकन उभाच राहिला. त्याने हात आधी चेकबुकाकडे नेला.

"जत्रेची वर्गणी ना, काका?"

"वर्गणी नाय. मना काम पायजे."

ऋतुराजचा चेहरा उतरला. "काका, टँकर तुमच्या गावाचा, सिक्युरिटी तुमच्या गावाची. आता कुठलं कॉन्ट्रॅक्ट देऊ?"

"कॉन्ट्रॅक्ट नाय रं. झाडांना पानी घालीन मी."

ऋतुराजने विश्रामकडे पाहिलं. मग विश्राम खो खो हसला. "काका मस्करी करतान!" ऋतुराजही हसला, सुटल्यासारखा. चहा आला. पंधरा दिवसांनी सोसायटीने गुणाजींच्या हस्ते वृक्षारोपण केलं. खड्डा कोणीतरी आधीच खणून ठेवला होता. गुणाजींनी रोपाला हात लावायचा, फोटो काढून घ्यायचा आणि शाल घेऊन घरी जायचं, एवढंच काम.

बाबांनी खरंच काम मागितलं होतं हे कळताच घरी मुलगा धनेश उखडला. "बाबा, लोक म्हणतील, पोराने बापाला मजुरीला लावला!"

"त्या लोकांना घेऊन ये," हौसाबाई म्हणाल्या, "दिवसभर यांच्यासमोर बसव."

पुढच्या सोमवारी गुणाजी कोणालाही न सांगता एकटेच खडवलीला गेले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. स्टेशनपासून थोडं पुढे एका नर्सरीच्या फाटकावर 'माणूस पाहिजे' अशी पाटी होती. मालकीण मंजुळाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वाकता येतं का?"

"येतं."

"मग त्या पिशव्या भरा. आणि अंगठ्या काढा आधी, मातीत हरवल्या तर माझ्या नावाने ओरडाल."

अंगठ्या निघेनात. साबण लावून ओढाव्या लागल्या. दुपारपर्यंत गुणाजींनी दोन वाफे भरतील एवढ्या पिशव्या भरल्या. मंजुळाबाई येऊन म्हणाल्या, "माती दाबून भरलीत. मुळं काय डोंबलाने वाढतील? सगळ्या ओता, परत भरा."

कित्येक वर्षांत त्यांच्यावर असं कोणी खेकसलं नव्हतं. गुणाजींनी मुकाट्याने पिशव्या ओतल्या.

आता ते रोज सकाळी निघतात आणि संध्याकाळी नखांत माती घेऊन परततात. रात्री गाढ झोपतात. धनेशने भावकीत सांगून टाकलंय, बाबांनी खडवलीला फार्महाऊस घेतलंय. सगळ्यांना ते पटलं. फक्त विश्राम पार्टी कधी म्हणून मागे लागलाय, आणि गुणाजी म्हणतात, मालकिणीला विचारून सांगतो.