कुलपाचा हार

माझी बायको इंदू आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे विक्रोळी स्टेशनाबाहेर हार घेणं. खंडेनवमीची सकाळ होती. आमच्या गाड्यांच्या कारखान्यात त्या दिवशी मशीनची पूजा असते. रिटायर झालो तरी मी तिथं कंत्राटावर जातो. इंदू दरवर्षी तीन हार घ्यायची. एक घरच्या देवीला, एक पत्रा दाबणाऱ्या माझ्या प्रेसमशीनला, आणि बोटभर एक माझ्या कुलपाला. मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालायचं, चावी आपल्याच खिशात. मग चुकूनही कुणी मशीन चालू करू शकत नाही. मी हसायचो. ती म्हणायची, "अहो, मला देवी राखते, तुम्हाला हे राखतं. त्याला नको हार?"

त्याच आठवड्यात ती गेली. "माणूस नेलंस, आता तुझं-माझं संपलं," असं देवीला तोंडावर सांगितलं. वर्षभर दिवा लावला नाही.

यंदा मशीनपुरता एकच हार घ्यायला थांबलो, तर फुलवालीनं बोटभर हार पुढं केला. "कुलपाचा विसरलात ना काका! मावशी मला फाडून खातील." तिला ठाऊक नव्हतं. माझ्याच्यानं सांगवेना. हार खिशात टाकला.

कारखान्यात माझा जोडीदार मंग्या प्रेसच्या आत शिरून तेल पुसत होता. स्विच बंद होता, पण कुलूप कुणीच घातलं नव्हतं. आज पूजा, मशीन कोण चालवतंय? मीही तेच धरून चाललो होतो. पण तो हार खिशात गप्प बसू देईना. घालायचा तर कुलूप हवं. म्हणून कपाटातून कुलूप काढलं, स्विचला घातलं, वर हार अडकवला आणि नळावर हात धुवायला गेलो.

तेवढ्यात ओरडा झाला. नारळ फोडायच्या वेळी मशीन एकदा फिरवायची आमच्याकडे रीत, तीच माझ्या ध्यानातून गेली होती. साहेब मेन स्विच ओढत होते, तो हलेना. "काका, कुलूप काढा, मुहूर्त टळतोय!"

मी नळावरूनच ओरडलो, "मुहूर्त गेला खड्ड्यात. मंग्या आत आहे!"

साहेबांनी स्विचवरचा हात झटकन काढला. आणि आतून आवाज आला, "काय रे, फुटला का नारळ?"

मग असा जयजयकार झाला की वरचे पत्रे थरथरले. मंग्यानं तेलकट हातांनीच मला मिठी मारली. साहेबांनी सगळ्यांदेखत कुलपाला हात जोडले. नारळ मंग्यानंच फोडला.

मी काही मागितलं नव्हतं, उलट भांडलो होतो. कुलूप मी घातलं खरं, पण घालायला लावलं त्या फुलांनी. ती कुणी धाडली, यावर मी वाद घालत नाही. आपल्या हातून सुटलेलं कुणीतरी धरून ठेवतं, एवढं कळलं. भार देवीवर टाकावा, कुलूप मात्र आपण घालावं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच फुलवालीकडे गेलो. इंदू गेल्याचं सांगितलं, मंग्या वाचल्याचंही सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तीन हार बांधले. पैसे घेईना. इंदू कमी करायला भांडायची, मी द्यायला भांडलो. घरी येऊन एक हार देवीला घातला, एक इंदूच्या फोटोला. बोटभर होता तो कुलपासाठी डब्याच्या पिशवीत ठेवला. मग दिवा लावला.