कपाटात जायच्या आधी

लोणावळ्याला खेड्यांतली वाचनालयं चालवणाऱ्यांसाठी तीन दिवसांचा वर्ग भरला होता. माझ्या बाकावर सुदुंबऱ्याकडचे एक गृहस्थ बसायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांचं वाचनालय म्हणजे देवळातलं एक कपाट आणि ते स्वतः. पुस्तक हाती घेण्याआधी ते दोन्ही तळवे धोतराला पुसत. व्याख्यानातलं मी निम्मं सोडून देत होतो. ते मात्र शब्द न् शब्द वहीत उतरवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी व्याख्याते म्हणाले, "क्षयाच्या रोग्याच्या घरून आलेलं पुस्तक लगेच दुसऱ्याला देऊ नका. आठ दिवस वेगळं ठेवा, कडक ऊन दाखवा. नाहीतर सरळ जाळून टाका."

शेजारची पेन्सिल थांबली.

मधल्या सुटीत त्यांच्या हातातला चहा तसाच निवला. काय झालं म्हणून मी विचारलं.

"गावात मास्तरला क्षय व्हता," ते म्हणाले. "त्याच्याकडनं पुस्तकं यायची. आलेलं पुस्तक कपाटात जायच्या आधी आमच्या कारभारणीनं वाचायचं, असा घरचा रिवाज. वर्साच्या आत खोकून खोकून गेली ती."

"रोग कुठूनही येतो," मी म्हणालो. "पुस्तकानंच झालं कशावरून?"

चहा खाली ठेवून ते तळवे धोतराला पुसत राहिले. हातात तर पुस्तक नव्हतं.

"तिला अक्षर ठावं न्हवतं," ते म्हणाले. "चुलीपुढं बसून मीच शिकवलं वाचाया."