धरणाच्या नाण्यावरचा तडा

विषय : चांदीच्या स्मारक नाण्यावरील तड्यास ‘परचुरे प्रकार’ असे नाव मिळणेबाबत.
संदर्भ : श्री. परचुरे यांचा मंडळाकडील अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन की, किस्से फायलींसारखेच साठत जातात. फरक इतकाच, की फायलींना निदान वाळवी लागते!

कसबा पेठेत आमचं नाणी मंडळ भरतं. मी चिटणीस, आयुष्यभर कारकुनी केल्यावर दुसरं कोण करणार? टाकसाळीत नाणी ठशानं पाडतात. ठसा बदलला किंवा झिजला की नाण्यात बारीक फरक पडतो. तो शोधायचा, हे आमचं काम. घरात नवा पडदा लागलेला ज्यांना महिनाभर दिसत नाही, त्यांना इथे सिंहाच्या मिशीतला एक केस जास्त दिसतो.

*

एकदा सोमण धापा टाकत आले. “सालाखाली जादा ठिपका! नवा ठसा!”

अध्यक्षा दामलेबाईंनी भिंग लावलं, मग कापसाचा ओला बोळा फिरवला. बोळा लाल झाला.

“सोमण, हे लक्ष्मीपूजनाचं कुंकू आहे.”

“म्हणजे जगात एकच होतं,” सोमण म्हणाले, “आणि तेही तुम्ही पुसलंत!”

*

परचुऱ्यांना मात्र खरंच काहीतरी सापडलं. धरणाचं चित्र असलेल्या नाण्यावर, भिंतीवर आडवी रेघ. ठशाला तडा गेला की त्यात चांदी शिरते आणि नाण्यावर रेघ उठून दिसते. ही तशीच होती.

आमचे जगताप पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ते उसळले, “आमच्या धरणाला तडा जात नाही!”

“अहो, धरणाला नाही, ठशाला.”

“मग ठशाचा ठेकेदार कोण होता ते बघा!”

परचुऱ्यांनी त्याच दिवशी अर्ज दिला. मंडळाच्या पुस्तिकेत आपलं नाव लागावं, एवढी एकच हौस त्यांची उरली आहे. पण दामलेबाईंचा नियम पक्का : तीच रेघ दुसऱ्या नाण्यावर दाखवा, मगच नाव.

*

कर्वेनगरचा आमचा एकमेव तरुण सदस्य आयटीत आहे. त्यानं लगेच ऑनलाइन टाकलं : ‘अशाच तड्याचा पीस हवा.’ सोबत फोटो.

तासाभरात एका विक्रेत्याचं उत्तर आलं, “किती पीस हवेत? तडा आजच पाडून देतो.”

*

मग परचुऱ्यांना आठवलं, टाकसाळीकडून नाणी दोन आली होती. दुसरं त्यांनी मुलीच्या लग्नात धायरीच्या विहीणबाईंना भेट दिलं होतं.

मुलगी फोनवर कळवळली. “बाबा, दिलेली वस्तू परत बघायला मागायची? मला या घरात राहायचंय हो!”

म्हणून परचुरे धायरीला ‘सहज’ गेले. चहा पिऊन परत. पुन्हा सहज गेले. पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला विहीणबाईंनीच कप पुढे ठेवत विचारलं, “पाव्हणं, इतकं सहज कुणी येत नाय. काय हवंय ते सांगा की!”

परचुऱ्यांनी चाचरत सांगितलं.

“एवढंच व्हय? हाय की नाणं! ते बघा, घरभर पळतंय.”

त्यांची दीड वर्षांची नात छुमछुम करत खोलीतून गेली. विहीणबाईंनी सोनाराकडून ते नाणं आटवून त्याचे पैंजण करून घेतले होते.

*

पुढच्या रविवारी परचुरे नातीला कडेवर घेऊन मंडळात आले. माझ्यापुढे पुरवणी अर्ज ठेवला : ‘नमुना क्रमांक दोन. स्वरूप बदलले आहे. समक्ष हजर.’

मी हसू दाबलं. जगतापांनी दाबलं नाही.

दामलेबाईंनी मात्र अर्ज पूर्ण वाचला. गुडघे धरत सतरंजीवर बसल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि पैंजण तपासू लागल्या. नात खिदळत एकदा हा पाय ओढून घ्यायची, एकदा तो. परचुरे तो पुन्हा भिंगाखाली धरायचे.

बऱ्याच वेळानं बाईंनी भिंग खाली ठेवलं.

“नमुना हलतोय,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी परत आणा.”

तेव्हापासून नमुना दर रविवारी हजर असतो. बाईंच्या पिशवीत आता भिंगाशेजारी राजगिऱ्याचा लाडू असतो.

अर्ज प्रलंबित आहे.