बासुंदी ढवळताना

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. आणि आता सांगायला बसलो, तरी सुरुवात स्वयंपाकापासूनच होते आहे — म्हणजे पुन्हा तेच, आडून आडून.

मला स्वयंपाक करायला आवडतो. खायला तितकंसं नाही, करायला. त्यातही ज्याला वेळ लागतो ते. शेंगोळे घ्या — कुळथाचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, तळहाताखाली एकेक वळी लांबवायची, टोकं जुळवून कडी करायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. जाडी सारखी नसेल तर काही कड्या कच्च्या राहतात. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. सारख्या जाडीच्या वळ्या बघून मला शांत वाटतं. आणि बासुंदी. दोन लिटर म्हशीचं दूध, मंद आच, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा आत. निम्मं होईपर्यंत तिथून हलायचं नाही. हलायचं नाही — हे लक्षात ठेवा.

बायको आजारी पडली तेव्हा स्वयंपाकघर मी हातात घेतलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. त्यानंतर तर पूर्णच. तिची बहीण निफाडहून आली की दारातूनच म्हणायची, "दाजी, लय करता हो तुम्ही अक्काचं! आमच्याकडचे पाण्याचा तांब्यासुद्धा भरून घेत नाय." सोसायटीतही तेच कौतुक. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

पण तुम्हीच हिशेब करा ना. ती खात काय होती? वाटीभर पेज, तीही अर्धी. मग शेंगोळे कुणासाठी? बासुंदी कुणासाठी? तिच्या घशाखाली जे उतरणार नव्हतं तेच मी निवडत होतो — आणि त्यातलंही सगळ्यात वेळखाऊ. पेजेला कितीसा वेळ लागतो? उरलेल्या वेळात तिच्याजवळ बसावं लागलं असतं.

तिला ते कळत होतं का? एकदा हसून म्हणाली होती, "अहो, मी दूध असते तर बरं झालं असतं. निदान समोरून हलला नसतात." मीही हसलो. आणि वेलदोडे कुटायला गेलो.

मग तो रविवार. दुपारची वेळ, जिन्यातसुद्धा कुणाची चाहूल नाही. बासुंदी झाली होती. मी गॅस बंद केला, आणि आतून हाक आली —

"अहो, जरा येऊन बसता का? मला थोडं बोलायचंय."

आवाज घाबरलेला नव्हता. ठरवून मारलेली हाक होती ती. आता ती तिच्या जाण्याविषयी बोलणार, हे मला कळलं. मी बंद शेगडीसमोर उभा राहिलो, पळी पुन्हा हातात घेतली आणि म्हणालो, "आलोच. गॅस चालू आहे, दूध खाली लागेल."

आणि ढवळत राहिलो. दूध निवेपर्यंत.

मधे एक भिंत, दार सताड उघडं. त्या शेगडीवर तिने सव्वीस वर्षं रांधलं होतं. बटण फिरवल्याचा आवाज तिला ओळखू आला नसेल? थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, "बरं. होऊ द्या तुमचं."

मी गेलो तेव्हा तिने डोळे मिटलेले होते. झोपली असेल, असं मी धरून चाललो — तेही सोयीचंच. पुढे ती दोन आठवडे होती. तिने पुन्हा बोलावलं नाही. काय सांगायचं होतं, हे मीही विचारलं नाही. विचारता आलं असतं. रोज.

भीती वाटली म्हणून गेलो नाही, असं लिहून इथे थांबता येईल. भीती माणसं समजून घेतात. पण तो हिशेब पुरा होत नाही. त्या दुपारी बासुंदी सुरेख जमली होती — रंग, दाटपणा, सगळं. आत ती वाट बघत होती, आणि मी पळीवरून उतरणारी धार बघत होतो — आणि मला बरं वाटत होतं.