बाबांनी टाइप केलेली पानं

त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यावर माझा राग अजून आहे. त्याहून जास्त राग स्वतःवर आहे.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले. घरच्या कॉम्प्युटरवर ते रोज सकाळी एका बोटाने नोकरीच्या आठवणी टाइप करायचे. पहिल्यांदा बॉयलर पेटवला तो दिवस, कॉलनीतले शेजारी, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख. संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर मी माझ्या हिंगण्याच्या कंपनीचं काम करायची.

हळूहळू तो सुरू व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं घ्यायला लागला. एकदा माझी मीटिंग सुरू होऊन गेली आणि समोर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. मी बाबांवर घसरले. कुठेही क्लिक करता, काहीही उघडून ठेवता, म्हटलं.

ते शांतपणे म्हणाले, "अवं, हे सगळं एकदमच चालू होऊन राहिलं. आमच्या प्लांटमध्ये असं केलं असतं तं एकही मशीन धड उठली नसती. एकेक बंद करून पाह्य ना."

तुम्हाला त्यातलं काय कळतं, असं मी त्यांना म्हणाले. हेच शब्द.

शेवटी आम्ही दोघं कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेलो. दुरुस्तीवाल्याने तो नीट पाहिलासुद्धा नाही. बाबांकडे बघून हसला, म्हातारी माणसं असंच करून ठेवतात म्हणाला. मीही हसले. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, असं त्याने सांगितलं. त्यात माझी पानं आहेत, ती काढून ठेवा, असं बाबांनी त्याला दोनदा बजावलं. तो हो हो म्हणाला. दोन दिवसांनी कॉम्प्युटर कोरा होऊन परत आला. भांडायला गेले, तर त्याने कागद पुढे केला. सगळं पुसायला हरकत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली सही माझी. न वाचता केलेली.

कंपनीचे प्रोग्राम मी पुन्हा टाकले आणि आठवड्याभरात परत तेच. मग मात्र कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी शोधून उघडली. अकरा नावं होती. तीन मीटिंगची, दोन फाइली साठवायची, एक तर केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं. सगळी मीच आणलेली. बाबांचं एकही नव्हतं. आठ बंद केले. कॉम्प्युटर दोन मिनिटांच्या आत सुरू झाला. मी माउस टेबलावर इतक्या जोरात आपटला की तो फुटला.

बाबा पेपर वाचत होते. तुमचं बरोबर होतं, एवढं कसंबसं म्हटलं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

तुम्ही त्या आठवणी सांगा, मी टाइप करते, असं मी खूप विनवलं. त्यांनी पेपरची घडी केली.

"एकदा लिहून झालं वं ते. आता तसं नाही येत."

कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत.