ट्रकच्या काट्यावर आत्या

आत्याने चपला काढल्या, घड्याळ काढलं, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबला. कानातलं काढून केबिनच्या खिडकीत ठेवलं. मग जरा विचार करून चष्माही काढला. एवढं सगळं झाल्यावर ती काट्यावर चढली.

काटा म्हणजे ट्रकचा वजनकाटा. साठ टनांचा. एक लांबलचक ट्रक अख्खा मावेल एवढी लोखंडी पाटी, आणि तिच्या मधोमध सकाळी साडेसहाला अनवाणी उभी माझी आत्या.

"काय दाखवतोय?"

"एकशे दहा."

"दे इकडे चष्मा."

चष्मा लावून तिने वरचा बोर्ड स्वतः वाचला. लाल आकडे, लांबून ड्रायव्हरला दिसावेत एवढे मोठे. एकशे दहा.

"चष्म्याचं धरलं त्याने," आत्या म्हणाली आणि खाली उतरली.

सोळा वर्षं ती हा काटा चालवते. तिच्याहून मोठ्या वयाचे ड्रायव्हर पण तिला आत्याच म्हणतात. मी तिची खरीखुरी भाची. मी नववीत शाळा सोडली, म्हणजे शाळेने आणि मी एकमेकींना सोडलं, दोघी सुटलो. बूड एका जागी टिकत नाही म्हणून आत्या मला भिंगरी म्हणते. घरात सगळे म्हणाले हिचं काही खरं नाही, तेव्हा आत्या म्हणाली, माझ्याकडे द्या. तेव्हापासून मी केबिनमध्ये पावत्या काढते. म्हणून आत्याला कोणी काही बोललं की मी आधी अंगावर जाते, काय बोलला ते नंतर विचारते.

आठ वर्षांपूर्वी आत्याचं ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली. तेव्हा काट्यावर ती एकशे चाळीस होती. दीड वर्षात ऐंशीवर आली. केबिनच्या खुर्चीचे हात तिला लागेनासे झाले. काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, तिचा ऐंशीचा फोटो पाकिटात ठेवला आणि शेजारच्यांना विचारायला लागले, "ओळखा पाहू कोण?" शेजारी रोज तेच, प्रश्न रोज तोच.

मग वजन हळूहळू परत यायला लागलं. आता हे कसं झालं ते ऐका, कारण असा घोळ फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. आत्याने घरात वजनाचं मशीन कधी आणलंच नाही. "माझ्या काट्याला दरवर्षी सरकारी शिक्का बसतो," ती म्हणायची, "ते बाथरूममधलं खेळणं मला काय शिकवणार?" पण ट्रकचा काटा दहा-दहा किलोने बोलतो. मधलं त्याला कळतच नाही. आत्या पंच्याऐंशी असो की चौऱ्याण्णव, बोर्ड म्हणणार नव्वद. तर ती अख्खं दीड वर्ष नव्वद होती. खुशीत. आणि एके दिवशी सकाळी एकदम शंभर.

"काल रात्री काय खाल्लं मी?" तिने मला विचारलं. एका रात्रीत दहा किलो! बाई दिवसभर आठवत बसली.

जेवण तिचं खरंच चिमणीचं. ताटात चार घास, पाचवा घेतला की पोट दुखतं. पण केबिनच्या खणात बिस्किटं असायची. दोन गाड्यांच्या मध्ये एक बिस्कीट, दिवसाला साठ-सत्तर गाड्या, करा हिशोब. आणि काका बेकरीत भट्टीवर कामाला. केकच्या कापलेल्या कडा घरी यायच्या. आइस्क्रीमचं तर विचारूच नका. पिशवी लहान केली म्हणून आइस्क्रीम काय रांगेत उभं राहतं? विरघळून सरकन खाली.

तर एकशे दहा झालं त्याच सकाळी फोन आला. ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलच्या सिस्टरचा. आत्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण हातात पावतीचं पुस्तक होतं.

"ओळखलंत का? तुमचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. आधीचा आणि नंतरचा."

"आहे अजून?" आत्याचा आवाज एवढासा झाला.

"तीन वर्षं तुम्ही तपासणीला आला नाहीत. रागावले नाही हो मी! शनिवारी नवीन पेशंटची बैठक आहे. ऑपरेशनला घाबरतात बिचारे. तुम्ही या आणि चार शब्द सांगा. नाही म्हणू नका."

आणि आत्या, जिने ओव्हरलोड गाडीवाल्याला आयुष्यात हो म्हटलं नाही, ती म्हणाली, "येते."

फोन ठेवला आणि खुर्चीत मटकन बसली. "भिंगरे, मी त्या भिंतीखाली उभी राहणार. वर ऐंशीवाली, खाली मी. लोक मान वरखाली करणार."

"मग नको जाऊ. मी फोन करते, सांगते पाय मोडला."

"कोणाचा?"

"सिस्टरचा मोडते, पाहिजे तर."

ती हसली नाही. तिथे मला कळलं की हे गंभीर आहे.

पुढचे तीन दिवस तिने नुसतं पाणी आणि काकडी. दुपारी गाड्यांचे नंबर उलटे लिहायला लागली. काकांनी केकच्या कडा आणणं बंद केलं, तर ती त्यांच्यावर डाफरली, "म्हणजे मी खाते असं म्हणायचंय तुम्हाला?" काकांनी दुसऱ्या दिवशी आणल्या, तर म्हणाली, "मुद्दाम आणता!" काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मी भट्टीतच झोपतो आता."

बुधवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "नव्वद जरी असते ना, तरी गेले असते गं." बस. माझ्या डोक्यात किडा शिरला.

काट्याला एक बटण असतं, शून्याचं. पाटीवर चिखल, माती साचली की ते दाबायचं. जे काही पाटीवर आहे ते काटा विसरतो आणि शून्यापासून मोजायला लागतो. गुरुवारी मी आत्याच्या आधी पोचले. आग विझवायच्या वाळूच्या दोन बादल्या असतात आमच्याकडे, दहा-दहा किलोच्या. त्या पाटीच्या टोकाला ठेवल्या आणि बटण दाबलं. शून्य. आत्या आली, चपला, घड्याळ, चष्मा सुरू झालं, तेवढ्यात मी बादल्या उचलून बाजूला केल्या. चष्मा नव्हता, तिला बोर्ड दिसला नाही. ती चढली.

"नव्वद," मी म्हटलं.

"दे इकडे चष्मा."

नव्वदच होते. आत्या अनवाणीच उतरली, केबिनमध्ये गेली आणि मला म्हणाली, "शनिवारी निळा ड्रेस घालू का?"

देवाशप्पथ, मला एवढं भारी कधी वाटलं नव्हतं.

ती वळली की मी बटण परत दाबणार होते. पण विटांचा ट्रक हॉर्न मारत सरळ पाटीवर चढला, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. गाडी उभी असताना बटण दाबलं तर अख्खी गाडीच शून्य! म्हटलं, मध्ये जरा जागा मिळू दे. जागा मिळालीच नाही. पहिली जागा मिळाली ती पावणेदहाला, आणि तेव्हा मी मागे पाणी भरत होते.

"भिंगरे!"

मी आले. पाटी रिकामी होती. वर बोर्ड म्हणत होता, उणे वीस.

"याने पण ऑपरेशन करून घेतलं का?" आत्याने विचारलं. आवाज एकदम शांत. तिची नजर पाटीच्या टोकाला गेली. तिथे वाळूची दोन गोल कडी उमटली होती. मग बादल्यांकडे. मग माझ्याकडे.

मी बोलायला सुरुवात केली. "हे बघ, कोणाचंही नुकसान नाही. भरलेली गाडी वीस कमी, रिकामी झाली की तीही वीस कमी. फरक बरोबरच येतो! माल तेवढाच!"

"आणि काल रिकामी मोजून आज भरून आलेली?"

मी पायाने वाळूची ती कडी पुसायला लागले.

"माझ्याशी खोटं बोललीस तर ते मी गिळलं असतं," ती म्हणाली. "माझं पोट लहान आहे, तरी गिळलं असतं. तू काट्याला खोटं बोलायला लावलंस. त्या पावत्यांवर माझी सही आहे."

मग तिने काय केलं? सकाळपासूनच्या एकोणीस गाड्यांना फोन लावले. एकेकाला. "परत या, वजन चुकलंय." ड्रायव्हर लोक खवळलेच. अकरा वाजता काट्यासमोर अशी रांग लागली की पेट्रोलपंपवाला विचारायला आला, फुकट काही वाटताय का.

विटांवाला दाढीवाला सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. "सोळा वर्षांत काटा चुकला नाही, आजच कसा चुकला आत्या?"

मी पुढे सरकले. "जास्त बोलू नको, तुझ्या टायरला टक्कल पडलंय ते आधी बघ."

"थांब गं." आत्या केबिनच्या पायरीवर उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काटा चुकला नाही. माझं वजन परत वाढलंय. ते कमी दिसावं म्हणून माझ्या भाचीने काटा फिरवला. डॉक्टरला दीड वर्ष लागलं, हिने दोन बादल्यांत केलं."

कोणी हसलं नाही. आत्याने बटण दाबून शून्य केलं आणि पाटीवर चढली. चष्मा, घड्याळ, चपला, किल्ल्या, सगळ्यासकट.

एकशे दहा.

"वाचलं सगळ्यांनी? चला आता, लाइनमध्ये या."

दाढीवाला खाली मान घालून म्हणाला, "आत्या, माझ्या बायकोने पण केलंय ते ऑपरेशन. तिचं पण वाढलंय. घरात बोलत नाही ती." आणि गाडी सुरू करून पाटीवर घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी आत्याने एक पावती काढली. गाडी नंबरच्या जागी स्वतःचं नाव. मालाच्या जागी "मी". एकशे चाळीस, ऐंशी, एकशे दहा. खाली सही.

शनिवारी तिने निळा ड्रेस घातला नाही, कामाचाच घातला. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये वीसेक माणसं होती, आपापल्या नवरा-बायकोच्या मागे लपायचा प्रयत्न करत. भिंतीवर खरंच फोटो होता. लोकांनी खरंच मान वरखाली केली. मी प्रत्येकाकडे डोळे वटारून बघत होते.

आत्याने पावती वाचली. "एकशे चाळीसचे ऐंशी झाले, ऐंशीचे एकशे दहा. ऑपरेशन करा, घाबरू नका, गुडघे माझे अजून मला दुवा देतात. पण पिशवी लहान होते, खण लहान होत नाही. बिस्किटाचा खण." कोणीतरी खुदकन हसलं. "आणि वाढलं तर लपू नका. मी तीन वर्षं लपले, एवढं अंग घेऊन. सोपं नसतं."

मग हॉलला तोंडच फुटलं. प्रश्नांवर प्रश्न. एक मुलगी म्हणाली तिची आई म्हणते एकदा केलं की संपलं. एक आजोबा आइस्क्रीमचं खोदून खोदून विचारत होते. मला त्यांचा इरादा काही बरा दिसला नाही.

डॉक्टर शेवटी आले. मी तयारच होते, आत्याला एक शब्द जरी बोलले असते तर. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बऱ्याच जणांचं थोडंफार परत येतं. याला नापास होणं म्हणत नाहीत. सोमवारी रक्त तपासू, काय खाता ते लिहून आणा, मग बघू. औषधं आहेत, उपाय आहेत. आणि वजन आमच्या मशीनवर करायचं, ट्रकच्या नाही."

"तुमच्या मशीनला सरकारी शिक्का आहे का?" आत्याने विचारलं.

त्यांच्या मशीनवर ती एकशे सात पूर्णांक चार भरली. बाहेर येऊन मला म्हणाली, "बघ, अडीच किलो तर इथल्या इथे कमी."

दोन महिन्यांनी तिला तपासणीला मीच घेऊन गेले होते. एकशे दोन. आत्या आत होती आणि मी बाहेर चकरा मारत होते, तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, "तुमच्या बाई आता आत जायला लागल्या वाटतं." म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "तीन वर्षं झाली, वर्षातून एकदा फाइल घेऊन यायच्या. समोरच्या बसस्टॉपवर तासभर बसायच्या आणि आलेल्या बसने परत जायच्या. मी एकदा पाणी पण नेऊन दिलं होतं."